फळीचं दुसरं टोक

“जागा कधी कमी नसती, माणूस पसरलेला असतो.”

हे रामकिसन दाभाडेचं बोलणं. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा आला की तो अंग चोरून सरकायचा आणि हेच म्हणायचा. टोपल्यात भाकरी मावत नाहीत म्हणून कडूबाई कुरकुरली, तर सगळ्या भाकरी काढून, एकीवर एक नीट बसवून, शेवटची वर ठेवायचा आणि पुन्हा हेच. कडूबाई म्हणजे त्याची बायको. चाळीस वर्षं हे एकच वाक्य ऐकून तिचे कान पिकले होते.

“माझ्या मातीच्या वक्ताला तरी हे नका म्हणू,” ती म्हणायची. “तिथं तरी मला पसरू द्या.”

हे बोलणं रामकिसननं कुठल्या पुस्तकातून उचललेलं नव्हतं. करमाडजवळच्या एका खेड्यात, एका खोलीच्या घरात, नऊ माणसांत तो वाढला. त्याच्या आईनं चारी भिंतींना खुंट्या मारल्या होत्या. दिवसभर पाटी, विळा, गोधड्या, पोरांची दप्तरं असं सगळं जमिनीवर लोळत असायचं. दिवेलागण झाली की ती एकेक वस्तू उचलून खुंटीला लावायची, आणि बघता बघता नऊ माणसांपुरती जमीन उघडी व्हायची. ती जमीन वर येताना बघणं हा रामकिसनचा लहानपणचा खेळ होता.

गावात एका सुताराची पडवी होती. दाभाड्यांच्या पोरानं त्या पडवीला पाय लावायचा नाही, असे ते दिवस होते. तो बाहेर, लिंबाच्या बुडाशी उभा राहायचा आणि रंध्यातून सुटणारी लाकडाची वेटोळी बघायचा. वाऱ्यानं उडून एखादं वेटोळं त्याच्या पायाशी आलं, की ते खिशात घालून घरी न्यायचा आणि गोधडीत नाकाला लावून निजायचा. सागाचा वास वेगळा, बाभळीचा वेगळा, हे त्याला अक्षरं यायच्या आधी येत होतं.

पण पोट लोखंडानं भरलं. आयटीआयमधून फिटर होऊन तो वाळूजच्या एका कारखान्यात लागला आणि छत्तीस वर्षं तिथल्या टूलरूममध्ये राहिला. त्याचं काम फिक्चर करायचं. फिक्चर म्हणजे काय, हे त्यानं लग्न झाल्यावर कडूबाईला पोळपाट घेऊन समजावलं होतं. आपण पोळी लाटतो तेव्हा पोळपाट सरकतो. मग कुणीतरी तो धरावा लागतो. त्याऐवजी पोळपाट आपोआप जागेवर धरून ठेवणारा लोखंडी साचा केला, तर धरणारा माणूस मोकळा झाला. तेच फिक्चर.

“मोकळा झाला म्हंजी तो काय करतो मग?” नव्या नवरीनं विचारलं होतं.

रामकिसन तेव्हा नुसता हसला होता.

पुढं त्यानं एक असं फिक्चर केलं, की तीन माणसं जी जोडणी हातानं दाबून धरत होती, ती एक खिट्टी ओढली की बसायला लागली. त्याबद्दल त्याला साहेबांच्या हातून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पुढच्या महिन्यात ती ठेक्यावरची तीन माणसं फाटकात दिसली नाहीत. त्यातला एक सोमनाथ, रामकिसनचा डब्याचा सोबती. तो खुलताबादकडं आपल्या गावी निघून गेला. ते घड्याळ घरात आलं तेव्हा रामकिसननं ते दिवाणखान्यात न लावता जिन्यात लावलं. कडूबाईनं का म्हणून विचारलं नाही. काही गोष्टी तिला न विचारता कळत.

तिचं नाव कडूबाई पडलं, कारण तिच्या आधीच्या दोघी बहिणी पाळण्यातच गेल्या. ही तरी मरणाला कडू लागावी, तोंडात घालून त्यानं थुंकून टाकावी, म्हणून आईनं असं नाव ठेवलं. नाव कडू आणि जीभही थोडी तशीच, पण बाकी सगळी बाई गुळाची.

रामकिसन निवृत्त झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात लाकडाकडं वळला. बजाजनगरच्या त्यांच्या रो-हाऊसला पुढं एक पोर्च होता. आठ फूट रुंद, अकरा फूट लांब, एका अंगाला वर जाणारा जिना. स्कूटर ठेवायची जागा ती. स्कूटर गल्लीत गेली आणि पोर्चमध्ये एकेक मशीन येऊ लागलं. लांब फळ्या चिरायला टेबलाखाली उलटा बसवलेला कटर, आडवे काप घ्यायला चॉप सॉ, वळणं कापायला जिगसॉ, एक ड्रिलचं स्टँड. त्याशिवाय करवती, रंधे, पटाशा. विकण्यासाठी नाही, हौसेसाठी. कुणाच्या लेकराला पाटी ठेवायचं टेबल, कुणाच्या म्हातारीला पाट, विहाराला चपलांचं मांडण. पाच वर्षांत पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. जागेचा एवढा हिशेबी माणूस, पण लाकडाच्या पुढं तोच पसरत गेला.

आणि या सगळ्यात कडूबाईची एक जागा होती. फळीचं दुसरं टोक.

सात फुटी फळी चिरायची, तर चिरून झालेला भाग कटरच्या पलीकडं निघत जातो. तो कुणीतरी तळहातावर तोलून धरावा लागतो, नाहीतर फळी खाली झुकते आणि पातं अडकतं. पोर्च तर एवढाच. त्यामुळं फळीचं तोंड फाटकातून बाहेर गल्लीत यायचं, आणि तिथं कडूबाई उभी. पदर खोचलेला, एक हात फळीखाली, दुसरा हात वर.

“थांबा वोऽ! लाकूड येतंय!”

तीनच्या शिफ्टच्या मोटरसायकली थांबायच्या. भाजीचा गाडा थांबायचा. समोरची केसरबाई दारात येऊन म्हणायची, “कडूबाई, तुला शिट्टी आणि पांढरी टोपी पायजे.”

पण नुसतं धरण्यापुरतं ते काम नव्हतं. रामकिसनला कटरजवळून जे दिसत नसे, ते तिला टोकावरून दिसायचं. फळी गव्हाच्या दाण्याएवढी जरी तिरकी निघाली, तरी ती म्हणायची, “डावीकडं.” तिच्या तळहाताला पात्याची थरथर कळायची. “पातं बोथट झालं, हाताला मुंग्या आल्या,” म्हणाली की रामकिसन मुकाट मशीन बंद करून पातं बदलायचा. कारखान्यात प्रत्येक नग तपासायला क्वालिटीवाले असत. तसा तो तिला हाक मारायचा, “ओ क्वालिटी! या, फळी लावली.” ती हातातली भाजी तशीच टाकून यायची. चूल आणि लेकरं यात जन्म गेलेल्या बाईला साठीच्या उंबऱ्यावर एक हुद्दा मिळाला होता. तो तिला लई आवडायचा. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

यंदाच्या भादव्यात मोरीत तिचा पाय घसरला आणि खुबा मोडला.

डॉक्टरांनी खुब्यात नवा सांधा बसवला. “म्हंजी मलाबी बिजागरी बसवली,” शुद्धीवर आल्यावर ती रामकिसनला म्हणाली, आणि तो गडी माणूस पलंगाची दांडी धरून रडला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं: जिना चढायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, पाय दुमडायचा नाही, उंच बैठकीवर बसायचं आणि वॉकर धरून रोज चालायचं. चाललं नाही तर सांधा धरून बसेल.

पलंग खाली दिवाणखान्यात आला. दिवाणखाना तेवढ्यानंच भरला. चालायला उरला तो पोर्च, आणि पोर्चमध्ये तर मांजर आडवं होऊन जाई.

थोरली लेक मेघा मुकुंदवाडीहून आली. दारात उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

“बाबा, आईनं चालायचं कुठं? तुमच्या कटरवरून?”

“चालंल ती. जागा कधी कमी…”

“नसती, माणूस पसरलेला असतो. पाठ आहे मला. पण इथं माणूस नाय पसरला बाबा, तुमच्या मशिनी पसरल्यात. दोन रविवार देते. तिसऱ्या रविवारी वाट मोकळी नसली तर मी टेम्पो घेऊनच येते.”

“टेम्पो कशाला?”

“मशिनी भरायला.”

आतून पलंगावरून कडूबाई हे ऐकत होती. लेक बोलत होती ते आईच्याच भल्याचं, हे तिला कळत होतं. पण टेम्पोत मशिनी गेल्या, की त्यांच्यामागं फळीचं दुसरं टोकही जाणार, हे मेघाला कसं सांगावं? सांगितलं तर हसली असती. ‘आई, तुला आता फळ्या धरायच्यात का?’ म्हणाली असती. कडूबाईनं डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामकिसननं सगळ्या मशिनी एका कोपऱ्यात रेटल्या आणि फरशीवर खडूनं रेघा मारायला घेतल्या. मग आत येऊन म्हणाला, “तुझा वॉकर दे जरा.”

“काय करता?”

“चालून बघतो.”

आणि सहा फुटी रामकिसन वॉकर धरून, टपटप करत, पोर्चमधून दारापासून फाटकापर्यंत गेला. वळला. परत आला. वळताना किती जागा लागते त्याची खूण केली. समोरून केसरबाईचा आवाज आला.

“काय वो दाभाडेभाऊ, खुबा नक्की कुणाचा मोडला?”

“दोघांचा,” रामकिसन म्हणाला आणि पुढची रेघ मारली.

तीस इंच. दारापासून फाटकापर्यंत तीस इंच रुंदीची सलग वाट. ती त्यानं खडूनं आखली आणि ठरवलं, की काम नसताना या रेघेच्या आत एक खिळासुद्धा येणार नाही. उरलेल्या जागेत सगळा कारखाना उभा करायचा. आईच्या खुंट्या त्याला आठवल्या असाव्यात, कारण त्या दिवसापासून तो जमिनीकडं बघायचा थांबला आणि भिंतीकडं बघायला लागला.

पुढचे बारा दिवस कडूबाईनं पलंगावर पडून नुसते आवाज ऐकले. ड्रिलचा घरघराट, मग स्क्रू आवळल्याचा कुरकुराट, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेत तो उभा राहून विचार करत असणार, हे तिला माहीत होतं. मधूनच बिजागरी उघडझाप केल्याचा आवाज. मग तिची चाहूल घेत तो आत यायचा, अंगभर भुसा, पाणी द्यायचा, गोळी द्यायचा, तिच्या पायाखालची उशी सरळ करायचा आणि परत जायचा. “दाखवा की,” ती म्हणायची. “झाल्यावर,” तो म्हणायचा. लेकरू जत्रेतलं खेळणं पाठीमागं लपवतं, तसं त्याचं तोंड व्हायचं.

तेराव्या दिवशी दुपारी तो म्हणाला, “चला क्वालिटी. तपासणीला.”

वॉकर टेकत ती दारात आली आणि बघतच राहिली. पोर्च रिकामा होता. तीस इंचांची वाट दारापासून फाटकापर्यंत उन्हात पडली होती. कोपऱ्यातलं ड्रिलचं स्टँड सोडलं, तर मशिनी कुठंच नव्हत्या.

“कुठं गेलं सगळं?”

रामकिसननं भिंतीवरची एक खिट्टी काढली. भिंतीला चिकटलेली रुंद फळी खाली उतरली, तिचा पाय आपोआप उघडला, आणि कटरचं टेबल झालं. मग त्यानं टेबलाच्या मधला तुकडा तव्यावरची भाकरी उलटावी तसा उलटला. खाली कटर होता, तिथं आता जिगसॉ आला. पुन्हा उलटला, पुन्हा कटर. जिन्याखालचा खण ओढला, तसा चॉप सॉ रुळावरून बाहेर आला. फाटकाच्या भिंतीवरून हातकरवतीचं अर्धं टेबल उतरलं. तिन्ही जागांची उंची एकच ठेवली होती, बत्तीस इंच, म्हणजे एकीवर काप घेताना दुसरी आपोआप टेकू देईल.

“आणि हे बघ,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. “ही खरी करामत. फळीसुद्धा मी आता फिरवून लावतो. शेपूट तुझ्या पलंगापाशी, तोंड फाटकाच्या आत. गल्लीत जायलाच नको.”

फाटकाशी त्यानं फळी टेकवायला एक लाकडी घोडी उभी केली होती. वर दोन कानांमध्ये एक लाकडी रूळ गरगर फिरत होता. त्यानं फळी सरकवली. रुळावरून ती लोण्यासारखी पुढं गेली.

“तुला आता धरायला यायचं काम नाय,” रामकिसन म्हणाला. “आराम कर. हे धरतंय बघ, कसं झ्याक.”

कडूबाईनं रुळाकडं बघितलं. ते तिचं लाटणं होतं.

“चांगलं झालंय,” ती म्हणाली. वॉकर वळवला आणि आत गेली.

रविवारी मेघा आली, तिनं सगळं उघडून मिटून बघितलं आणि बापाची पाठ थोपटली. टेम्पो काही आला नाही. पण कडूबाई पोर्चमध्ये चालेना. अकरा फुटांची उन्हाची वाट तिच्यासाठी मोकळी पडलेली, आणि ती आपली दिवाणखान्यात, पलंगाच्या कडेकडेनं, भिंतीला घासत फेऱ्या मारायची. रामकिसननं विचारलं, “दुखतंय का?” “नाय.” “ऊन लागतंय का?” “नाय.” मग तो दारात उभा राहायचा, हातात काटकोन बघायचा गुण्या घेऊन, आणि त्याला कळायचं नाही की कुठला कोन चुकला.

दोन दिवसांनी ती म्हणाली, “माझं लाटणं द्या.”

“अगं, मेघा पोळ्या पाठवती ना डब्यात?”

“तरीबी द्या.”

त्यानं घोडीवरचं लाटणं काढलं नाही. सागाचं नवं लाटणं करून आणलं. तिनं हातात घेतलं, फिरवलं. “हे जड आहे.” त्यानं आंब्याचं केलं. “हे लई गुळगुळीत आहे.”

“लाटणं गुळगुळीतच असतं गं!”

“मग माझं खडबडीत हाय, तेच द्या.”

“अशी काय करतीस लेकरासारखी? एक लाटणं ते. तुझ्याच सोयीला लावलं ना? तुला उभं राहावं लागू नये म्हणून…”

“व्हय,” कडूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “सोमनाथलाबी हेच सांगितलं असंल. आता तुला धरायचं काम नाय म्हणून.”

रामकिसननं नवं लाटणं पलंगाच्या कडेला ठेवलं, अगदी हळू, काचेचं असल्यासारखं, आणि तो बाहेर गेला. त्या दिवशी पोर्चमध्ये एकही मशीन सुरू झालं नाही. कडूबाईला वाटलं, आपण जास्त बोललो. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि खरं बोललेलं तर घ्यावंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्कूटर काढून गेला. कुठं ते सांगितलं नाही. दुपारी आला, तेव्हा हातात सीताफळांची पिशवी होती. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसला, एक सीताफळ फोडलं, अर्धं तिच्या हातात दिलं.

“सोमनाथकडं गेलो होतो. खुलताबादच्या अलीकडं रस्त्याला फळं विकतो. मिशा पांढऱ्या झाल्यात.”

“वळखलं का त्यानं?”

“लांबूनच. म्हणला, फिक्चर आलं रे.” रामकिसन थोडा हसला. “राग नाय त्याच्या मनात. म्हणला, कामाचं काय, एक गेलं दुसरं मिळालं. पण म्हणला, पहिले काही दिवस लई वाईट. हातांना कळायचंच नाय कुठं ठेवावं. जेवताना एक हात ताटात, आणि दुसरा नुसता मांडीवर. त्याची बायको त्याला विचारायची, हात दुखतो का?”

कडूबाई सीताफळाच्या बिया एकेक करून तळहातावर काढत राहिली.

“मी तुलाबी तेच विचारत होतो,” तो म्हणाला. “दुखतंय का म्हणून.”

हातातलं सीताफळ तिनं सगळं खाल्लं.

त्या संध्याकाळी तो सुतळी घेऊन आला. “उभी राहा.”

“कशाला? तिरडी बेतता का माझी?”

“गप. कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचंय. आता पलंगाच्या काठावर बस. आता कोपर टेबलावर ठेवल्यागत धर. नाय, तू फळी कशी धरतीस, तसा हात कर.”

तिनं तळहात वर करून हवेत धरला. त्यानं तिच्या तळहातापासून पलंगाच्या कडेपर्यंत सुतळी लावली, गाठ मारली. गाठ मारताना त्याची बोटं थरथरत होती. तिनं दुसऱ्या हातानं ती धरली, थरथर थांबेपर्यंत.

“पातं बोथट झालं का?” तिनं विचारलं.

“लई वापरलंय,” तो म्हणाला.

तीन दिवस पुन्हा आवाज. या वेळी बिजागरीचा आवाज एकदाही आला नाही, हे कडूबाईच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी त्यानं तिचं लाटणं आणून स्वयंपाकघरातल्या जुन्या जागेवर ठेवलं. आणि म्हणाला, “या.”

फाटकाच्या आत, जिथं घोडी होती, तिथं एक बैठक होती. उंच, पाय न दुमडता नुसतं टेकता यावं अशी. पाठीला दोन पट्ट्या, उजवीकडं उठताना धरायला एक दांडी, पाय ठेवायला खाली आडवी फळी. आंब्याच्या आणि सागाच्या, नको झालेल्या त्या दोन्ही लाटण्यांच्या मुठी दांडीच्या दोन टोकांना बसवलेल्या. चारी पाय फरशीत बोल्टनं आवळले होते.

कडूबाईनं बैठकीभोवती नजर फिरवली. वाकता येत नव्हतं, तरी वाकायचा प्रयत्न करून खाली बघितलं.

“ह्याची बिजागरी कुठंय?”

“नाय.”

“इसरला?”

“नाय.”

“बाकी सगळं मिटतं आणि हे एकटंच इथं उभं ऱ्हाणार? मग वाटंची तीस इंचं कुठून आणायची?”

रामकिसननं मागं बोट केलं. कोपऱ्यात ड्रिलचं स्टँड नव्हतं. रूळ लावून जिन्याखालचा खण त्यानं कोपऱ्याकडं सरकवला होता, आणि वाट थोडी वाकून त्या बाजूनं निघाली होती. खडूची रेघ नवी होती. ड्रिल वर गच्चीवरच्या खोलीत गेलं होतं. एक भोक पाडायला त्याला आता सतरा पायऱ्या चढाव्या लागणार होत्या.

“तुमचे गुडघे?”

“ते माझं मी बघतो. तू बस.”

ती बसली. दांडी हाताला आली तशी तिला कळलं, की ही उंची सुतळीच्या गाठीची आहे. ऊन पाठीवर होतं. फाटकातून गल्ली दिसत होती, केसरबाईचं दार दिसत होतं. तळहात वर केला, तर बरोबर टेबलाच्या उंचीला आला.

त्यांनी सागाच्या फळ्या चिरायला घेतल्या. विहारात पोरांच्या अभ्यासिकेला पुस्तकं ठेवायला खणांचं मांडण हवं होतं, महिनाभर ते काम खोळंबलं होतं. रामकिसननं टेबल उतरवलं, फळीची शेपटी दिवाणखान्यात पलंगावर टेकली, कटर सुरू झाला. आणि मग, दोन महिन्यांनी, फळीचं तोंड सरकत सरकत कडूबाईच्या तळहातावर आलं. कोमट, थरथरतं. वासराचं नाक लागावं तसं.

“डावीकडं,” ती म्हणाली.

त्यानं फळी हलवली.

“जरा जास्त झालं. आता… हां. आता येऊ द्या.”

“थांबा वोऽ, लाकूड येतंय!” समोरून केसरबाई ओरडली. गल्लीत लाकूड येणार नव्हतं, तरी ओरडली. कडूबाई हसली, पण तळहात हलू दिला नाही.

तिसऱ्या फळीला तिनं मान हलवली. “बंद करा. मुंग्या आल्या.” रामकिसननं मुकाट मशीन बंद केलं आणि पातं बदललं.

मांडण व्हायला आठवडा लागला. त्या आठवड्यात कडूबाई रोज फाटकापर्यंत चालत आली, काम असो नसो, आणि बैठकीवर बसून शेंगा सोलत राहिली, बशीतून चहा पीत राहिली. मेघा रविवारी आली तेव्हा बैठकीजवळ थबकली, पायांचे बोल्ट बघितले, बापाकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग आत जाऊन तिनं चहा टाकला.

मांडण तयार झालं त्या दिवशी दुपारी रामकिसननं सगळं आवरलं. अर्धं टेबल भिंतीला गेलं, खिट्टी. चॉप सॉ खणात गेला, खण आत. मधला तुकडा उलटला, टेबल वर उचललं, पाय मिटला, खिट्टी. एकेका आवाजासरशी जमीन वर येत गेली, आणि शेवटी उन्हात ती वाट राहिली, आणि वाटेच्या कडेला बसलेली कडूबाई. त्यानं फडक्यानं बैठकीचा हात पुसला, तिच्या कपाळावरचा भुसाही त्याच फडक्यानं पुसला.

“अवं, लोकं बघत्यात,” ती म्हणाली.

त्यानं मांडण खांद्यावर घेतलं. ती उठायला लागली.

“तू कुठं?”

“फाटक कोण उघडंल?”

तिनं दांडी धरली, उठली, फाटक उघडलं आणि पुन्हा टेकली. तो बाहेर पडला. खांद्यावर पोरांच्या पुस्तकांचे चार रिकामे खण, त्यांतून पलीकडची गल्ली दिसत होती. तीनच्या शिफ्टच्या मोटरसायकली आल्या, तसा तो भिंतीला लागून आडवा झाला, त्यांना जाऊ दिलं, आणि पुन्हा चालू लागला. विजेच्या खांबापाशी खांदा बदलला. मागं वळून बघितलं नाही, कारण मांडण घेऊन वळता येत नव्हतं. पण हात वर केला, तळहात आभाळाकडं, फळी धरल्यासारखा.

कोपऱ्यावर तो दिसेनासा झाला, तरी कडूबाई बैठकीवर बसून बघत राहिली. तिच्या दोन्ही हातांना भुसा लागला होता, आणि तिनं तो झटकला नाही.